अभ्यासग्रंथाच्या शेवटची सूची कशी तयार करावी

इतिहास, कायदा, वैद्यक, समाजशास्त्र किंवा साहित्यसमीक्षा, विषय कोणताही असो, अभ्यासाचे पुस्तक वाचक एकदा सलग वाचतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्यात काही ना काही शोधत राहतो. हा शोध पुस्तकाच्या शेवटच्या सूचीवर, म्हणजे कोणते नाव किंवा विषय कोणत्या पानावर आहे हे सांगणाऱ्या यादीवर, अवलंबून असतो, आणि मराठीत नेमकी हीच सूची सर्वांत शेवटी, घाईघाईने आणि पुष्कळदा चुकीच्या सल्ल्यावर विसंबून केली जाते. पीडीएफ उघडावी, नावे शोधावीत, पानांचे आकडे टिपावेत आणि क्रम संगणकाकडून लावून घ्यावा, हा तो सल्ला. या मार्गाने मराठी पुस्तकाची चांगली सूची होऊच शकत नाही, आणि त्याची कारणे आपल्या भाषेच्या व्याकरणात आणि नावे घेण्याच्या आपल्या रीतींत आहेत. लेखक स्वतः सूची करणार आहे किंवा प्रकाशकाने ते काम एखाद्या अभ्यासकाकडे सोपवले आहे, असे धरून पुढे लिहिले आहे. उदाहरणे बहुतेक पेशवाई आणि एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राची घेतली आहेत, कारण सूचीतल्या जवळजवळ सगळ्या अडचणी तिथे एकत्र भेटतात.

सुरुवात कधी करावी

पानांची मांडणी पक्की झाल्यावरच. त्याआधी टिपलेला प्रत्येक आकडा पुन्हा तपासावा लागतो.

प्रकाशकाला दोन गोष्टी मात्र आधीच विचाराव्यात. पहिली म्हणजे सूचीसाठी किती पाने मिळणार. पुस्तक सोळा पानी फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या सोळा-सोळा पानांच्या गटांत, छापले जाते, त्यामुळे शेवटच्या फर्म्यात उरतील तेवढ्याच पानांत सूची बसवण्याचा मोह प्रकाशकाला होतो. तीनशे पानांच्या अभ्यासग्रंथाला दहा ते पंधरा पानांची सूची लागते, हे त्याला मांडणी सुरू असतानाच सांगितलेले बरे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रस्तावनेच्या पानांची मोजणी. मराठी पुस्तकांत ही पाने अनेकदा एक, दोन, तीन अशी अक्षरी मोजलेली असतात. तसे असेल तर त्या पानांवरील नोंदी सूचीतही अक्षरीच द्याव्यात, नाहीतर प्रस्तावनेतले ‘सात’ आणि ग्रंथातले ‘७’ यांची गल्लत होते.

पहिले वाचन

छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन पुस्तक पहिल्या ओळीपासून वाचावे आणि व्यक्ती, स्थळे, संस्था, नियतकालिके, कायदे, वाद आणि संकल्पना यांखाली रेघ ओढत जावी. तळटीपा वगळू नयेत.

नोंद ठरवणे: खरे काम इथे आहे

मला सर्वांत अधिक अडवणारा टप्पा हाच होता, आणि नवख्या सूचीकारांच्या हातच्या ज्या सूच्या मी तपासतो त्यांतले बहुतेक दोषही याच टप्प्यातले असतात. म्हणून इथे थोडे सविस्तर सांगतो.

पहिला अडथळा शोधाचा. मराठी नाम विभक्ती लागताना आपले रूप बदलते. ‘पुणे’ शोधले तर ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुणेकर’ यांपैकी फक्त शेवटचे सापडते, आणि ते आपल्याला नको असते. ‘सातारा’ शोधून ‘साताऱ्याची गादी’ मिळत नाही. ‘आगरकर’ शोधले तर ‘आगरकरांनी’ मिळते, पण ‘रानडे’ शोधून ‘रानड्यांचे’ आणि ‘कर्वे’ शोधून ‘कर्व्यांनी’ निसटते. ‘फुले’ या शब्दावर तर दोन्ही बाजूंनी घात होतो: ‘फुल्यांचा’ सुटतो आणि बागेतली फुले हाती येतात. त्यात लेखनाची भर पडते. ‘साताऱ्यात’ या शब्दातला ऱ्य दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकित होतो, पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, आणि संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. पुस्तकाची जुळणी युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरसंकेत-पद्धत येण्याआधीच्या फाँटात झाली असेल तर पीडीएफमधील शोधाला काहीच अर्थ उरत नाही. शोधाचा उपयोग वाचून झाल्यावर पडताळणीसाठी करावा, तोही ‘पुण्या’, ‘साता’, ‘रानड’ अशी शब्दांची मुळे वापरून.

दुसरा अडथळा याहून मोठा आहे: शोधात जे सापडते त्यातले बरेचसे सूचीत घ्यायचे नसते, आणि जे घ्यायचे असते त्यातले बरेचसे शब्दरूपाने पानावर नसतेच. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरील चर्चा एखाद्या प्रकरणात सात पाने चालते आणि त्यांपैकी चार पानांवर ‘तो कायदा’, ‘हे विधेयक’, ‘सरकारचा हस्तक्षेप’ एवढेच शब्द असतात. सातही पाने त्या नोंदीखाली आली पाहिजेत. उलट ‘टिळक आणि आगरकर यांच्या काळात’ असा नुसता कालनिर्देश असेल, तर त्या पानाचा आकडा दोघांच्याही नावापुढे देऊ नये. मी एकच कसोटी लावतो. सूचीवरून एखादा वाचक या पानावर आला, तर त्याला त्या विषयाबद्दल इथे काही कळेल का? कळणार नसेल तर आकडा द्यायचा नाही. ‘उल्लेख आहे ना, मग घ्या’ असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नये. त्यांच्या सूचीत मोठ्या माणसांच्या नावापुढे चाळीस-पन्नास आकड्यांची रांग उभी राहते, आणि ती सगळी पाने उलटण्याची वेळ वाचकावरच येते.

चर्चा खरोखरच विस्तृत असेल तर उत्तर पोटनोंदींचे आहे. एका नोंदीपुढे सहा-सातपेक्षा अधिक आकडे झाले की ती नोंद फोडावी, असा नियम मी पाळतो आणि इतरांनाही आग्रहाने सांगतो. नमुना असा, आकडे केवळ उदाहरणादाखल:

टिळक, बाळ गंगाधर
– संमतिवयाच्या कायद्याला विरोध, ७४–८१
– राजद्रोहाचा खटला (१८९७), १०२–१०९
– राजद्रोहाचा खटला (१९०८), १३०–१४१
– मंडालेचा तुरुंगवास, १४२–१४७
– होमरूल लीग, १६६–१७०

पोटनोंद करताना ‘टिळकांचे विचार’, ‘टिळकांचे कार्य’ असे सैल शब्द टाळावेत, कारण त्यांखाली काहीही बसते आणि म्हणून वाचकाला काहीच कळत नाही. जोतीराव फुल्यांच्या नोंदीखाली ‘शिक्षणकार्य’ असे लिहिण्याऐवजी ‘मुलींची शाळा (१८४८)’ आणि ‘हंटर आयोगापुढील निवेदन (१८८२)’ अशा दोन पोटनोंदी द्याव्यात. ‘सत्यशोधक समाज’ ही पोटनोंद करू नये. ती स्वतंत्र नोंद हवी, आणि फुल्यांच्या नोंदीच्या शेवटी ‘तसेच पाहा: सत्यशोधक समाज’ असा निर्देश द्यावा. आकड्यांच्या लेखनालाही अर्थ असतो. ‘२४–२६’ म्हणजे सलग चर्चा आणि ‘२४, २५, २६’ म्हणजे तीन पानांवरचे तीन सुटे संदर्भ. हा भेद सूचीभर सारखाच पाळावा. तळटीपेतील संदर्भापुढे ‘टी.’ (टीप) लावावे.

तिसरा अडथळा नावांचा, आणि इथे सूचीकाराला विषयाचे ज्ञान असावेच लागते. नानासाहेब पेशवे म्हणजे १७४० ते १७६१ या काळात पेशवेपदावर असलेले बाळाजी बाजीराव. आणि १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचे दत्तकपुत्र धोंडोपंत. नाना फडणवीस हे तिसरे, त्यांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. या तिघांचे आकडे एका ‘नाना’खाली गेले तर सूची वाचकाला चुकीची माहिती देते, आणि अशा सूचीपेक्षा सूची नसलेले पुस्तक परवडले. रमाबाईंचेही तसेच आहे: १८८९ साली शारदा सदन स्थापणाऱ्या पंडिता रमाबाई वेगळ्या आणि रमाबाई रानडे वेगळ्या. राघोबादादांची पत्नी आनंदीबाई, डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी आणि आनंदीबाई कर्वे या तिघींची गफलतही सहज होते. ज्या पानावर फक्त ‘रमाबाई’ किंवा ‘आनंदीबाई’ एवढेच छापले आहे, तिथे मागची दोन पाने वाचून व्यक्ती निश्चित करावी. नोंदीत कंसात ओळख द्यावी, पण ती एका-दोन शब्दांची असावी.

याच्या उलट, एकाच माणसाची अनेक नावे असतात. रघुनाथराव, राघोबा आणि दादासाहेब एकच. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरि देशमुख, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. कोणत्या नावाखाली आकडे द्यायचे, याचा माझा नियम सोपा आहे: पुस्तकाचा वाचक ज्या नावाने शोधील ते नाव मुख्य, बाकीच्या नावांपुढे ‘पाहा’. ठोमऱ्यांपुढे ‘पाहा: बालकवी’ असे लिहायचे आणि आकडे बालकवींपुढे द्यायचे. दोन्हीकडे अर्धे-अर्धे आकडे कधीही वाटू नयेत. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांच्या बाबतीत मात्र पुस्तकाचा विषय पाहावा. नाटकावरील ग्रंथात शिरवाडकर मुख्य धरावे आणि कवितेवरील ग्रंथात कुसुमाग्रज.

आडनाव आधी लिहिण्याचा नियम आधुनिक व्यक्तींपुरताच ठेवावा. ज्ञानेश्वर, तुकाराम, शिवाजी महाराज, बाळाजी विश्वनाथ यांची नोंद त्यांच्या नावाखालीच येते. ‘संत’, ‘श्रीमंत’, ‘लोकमान्य’, ‘महात्मा’ या उपाध्यांखाली मुख्य नोंद करू नये, तसे केल्यास अर्धा महाराष्ट्र ‘श’ आणि ‘स’ या दोन अक्षरांखाली जमा होतो.

व्यक्ती, स्थळे आणि विषय यांच्या तीन वेगळ्या सूच्या करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. जुना पत्रव्यवहार किंवा बखर यांच्या संपादित आवृत्तीला ती शोभते. इतर सर्व ग्रंथांना एकच सलग सूची द्यावी, कारण ‘फर्ग्युसन’ हा माणूस शोधायचा की महाविद्यालय, हे वाचकाने आधी ठरवून यावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

नोंदी कशात लिहाव्यात

स्प्रेडशीटमध्ये, चार रकाने करून: नोंद, पोटनोंद, पान, शेरा. चिठ्ठ्यांवर लिहिल्या तरी चालते, पण दुरुस्ती जड जाते.

वर्णक्रम

संगणकाने केवळ अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकावरून लावलेला क्रम मराठी वर्णमालेचा नसतो, हे पक्के ध्यानात ठेवावे. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. त्यामुळे ‘बाळाजी विश्वनाथ’ संगणकाच्या क्रमात ‘बावडा’च्या आधी बसतो आणि शाळेत शिकलेल्या क्रमात त्याच्या नंतर. ‘ॲ’ या अक्षराचा सांकेतिक क्रमांक सर्व व्यंजनांच्या पुढचा असल्याने ‘ॲनी बेझंट’सारख्या नोंदी ह च्याही खाली जाऊन पडतात. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे म्हणून अनुक्रमे क आणि ज यांच्याखाली जातात. अनुस्वारयुक्त शब्द सर्वांत आधी येतात, म्हणजे ‘अंमळनेर’ हे ‘अकबरा’च्या आधी.

यांतले काही संकेत कोशकारांनाही मान्य आहेत आणि काहींबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे की सर्वसाधारण वाचकासाठीच्या पुस्तकात शाळेतली वर्णमाला पाळावी: ळ, क्ष, ज्ञ शेवटी, ॲ हा अ च्या गटात, अनुस्वारयुक्त शब्द त्या-त्या अक्षराच्या आरंभी आणि जोडाक्षरे त्या अक्षराच्या बाराखडीनंतर. कोणताही क्रम निवडला तरी सूचीच्या डोक्यावर दोन ओळींत तो सांगावा. क्रम संगणकाकडून लावून घेतल्यावर वरील चार जागा (ळ, क्ष, ज्ञ, ॲ) हाताने दुरुस्त कराव्यात, आणि ‘ॲ’ सर्वत्र एकाच पद्धतीने टंकित केला आहे ना, हेही पाहावे.

शेवटची पडताळणी

प्रथम सर्व ‘पाहा’ निर्देश तपासावेत. ज्या नोंदीकडे वाचकाला पाठवले आहे ती अस्तित्वात आहे का, आणि तिथून त्याला परत पहिल्या नोंदीकडेच तर पाठवलेले नाही ना, हे प्रत्येक निर्देशाबाबत पाहायचे. त्यानंतर सूचीतील दर दहावी नोंद घेऊन तिचे आकडे छापायला जाणाऱ्या अंतिम पानांशी ताडावेत. एक चूक सापडली तर त्या अक्षराखालील सर्व नोंदी ताडाव्यात. आणि एखाद्या ठरावीक पानापासून पुढचे सगळेच आकडे सारख्याच अंतराने सरकलेले दिसले, तर सूची झाल्यानंतर कोणीतरी एखादे छायाचित्र किंवा परिच्छेद वाढवला आहे असे समजावे, तो बदल कोणत्या पानावर झाला हे मांडणी करणाऱ्याला विचारावे आणि त्यापुढील प्रत्येक आकडा दुरुस्त झाल्याखेरीज पुस्तक छपाईला सोडू नये.