अपघातात हेल्मेट कधी काढायचं, कसं काढायचं

धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराई-बीडच्या पट्ट्यात दुचाकीवाला पडला की क्षणात गर्दी जमते आणि कुणीतरी ओरडतंच, "अरे हेल्मेट काढा, पाणी पाजा!" दोन्ही टाळा. मानेचा मणका मोडला असेल तर एका हिसक्यात मज्जारज्जूला इजा होते, हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. पाणी बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत जातं.

आधी एकाने मागची वाहनं थांबवावीत. ऊसतोडीच्या हंगामात रात्री तर हे पहिलं काम, कारण ट्रॉलीवाल्याला रस्त्यावर पडलेला माणूस दिसत नाही. दुसऱ्याने 108 लावून जवळचा किलोमीटरचा दगड सांगावा.

मग हेल्मेटची काच वर करा, "मान हलवू नका" असं बजावा आणि दहा सेकंदांपर्यंत छाती हलते का पाहा. बोलतोय, श्वास नीट चालू आहे? मग हेल्मेट राहू द्या. डोक्यामागे गुडघे टेकून दोन्ही हातांनी ते स्थिर धरा, अँब्युलन्स येईपर्यंत. अर्ध्या हेल्मेटमध्ये तोंड मोकळंच असतं, ते काढायची घाई तर मुळीच नको.

श्वास थांबला, घशात घरघर होतेय किंवा उलटी-रक्त तोंडात साचलंय आणि हेल्मेटमुळे तिथे पोचता येत नाही, तरच काढायचं. त्याला दोघं लागतात.

पहिला डोक्यामागे बसून हेल्मेट दोन्ही बाजूंनी धरतो. दुसरा चष्मा काढतो, बकल सोडतो. अडकलं तर पट्टा सरळ कापतो. मग तो एका हाताचा अंगठा आणि बोटं जबड्याच्या दोन बाजूंना लावतो, दुसरा हात मानेखालून कवटीच्या मागपर्यंत सरकवतो आणि कोपर जमिनीला टेकवतो. "धरलं" असं त्याने म्हटल्याशिवाय पहिल्याने ओढायचं नाही. पहिला हेल्मेटच्या कडा बाहेर ताणून कान मोकळे करतो आणि हळूहळू आपल्याकडे ओढतो. नाकाशी अडकतंच, तेव्हा फक्त हेल्मेट मागे कलवून पुढची कड नाकावरून उचलायची, डोकं नाही. खरी चूक होते ती शेवटी: हेल्मेट सुटतं आणि डोकं धपकन खाली येतं. म्हणून दुसऱ्याने हात ढिले करू नयेत. दस्तीची घडी डोक्याखाली सरकवा, पहिल्याने पुन्हा डोकं धरावं.

एकटेच असाल आणि श्वास थांबला असेल तर हेल्मेटच्या नादी लागू नका. छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबा. उलटी होत असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा.

पोलिसांच्या ससेमिऱ्याला घाबरून मागे राहू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ नुसार मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

काढलेलं हेल्मेट रुग्णासोबत दवाखान्यात पाठवा. मार कुठे बसला ते डॉक्टरांना त्यावरून कळतं. नंतर मात्र ते घरातल्या दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका: आतला थर्माकोल एकदा दबला की परत फुगत नाही, बाहेरून साधा ओरखडाही नसला तरी.