रश्श्यात शिजलेलं चिकन आणि तरीही स्किन कुरकुरीत

रश्श्यात मंद शिजवलेलं चिकन मऊ होतं हे सगळ्यांना माहितीये, पण त्याची स्किन लिबलिबीत होते आणि शेवटी ताटाच्या कडेला काढून ठेवली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या पीसमधली सगळ्यात चविष्ट गोष्ट तीच असते. मांस मऊ आणि स्किन कुरकुरीत हे एकाच भांड्यात जमतं, फक्त स्किनला पाण्यापासून शेवटपर्यंत लांब ठेवायचं.

थाय पीसच घ्या, म्हणजे मांडीचा तुकडा, हाडासकट आणि स्किनसकट. ब्रेस्ट नको, एवढा वेळ शिजवला तर त्याचा चोथा होतो. चिकन आतून ७४ डिग्री सेल्सिअसला गेलं की खायला सेफ असतं पण थाय तेव्हा अजून चिवटच लागतो, ८५ ते ९० पर्यंत जाऊ दिला की त्यातलं कोलॅजन (मांस चिवट ठेवणारं प्रथिन) विरघळून मऊ जिलेटिन होतं आणि मांस हाडापासून सुटायला लागतं. म्हणून थायच्या बाबतीत थोडं जास्त शिजलं तरी टेन्शन नाही.

आदल्या रात्री पीस टिश्यूने दाबून दाबून कोरडे करा, धुवायची गरज नाही, उलट धुताना उडणारे शिंतोडे ओट्यावर जंतू पसरवतात. किलोला साधारण १० ग्रॅम मीठ चोळा आणि फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, झाकण न ठेवता, स्किन वर करून ठेवून द्या. सकाळी स्किन हाताला कागदासारखी कोरडी लागते. ही पायरी गाळू नका प्लीज, ओली स्किन पॅनमध्ये आधी वाफाळते आणि रंग यायला खूप उशीर होतो.

आता महत्त्वाचं. पॅन थंड असतानाच पीस स्किन खाली करून ठेवायचे, तेल अगदी चमचाभर, आणि मग गॅस मध्यमपेक्षा थोडा कमी. गरम पॅनमध्ये टाकलं तर वरून पटकन लाल होतं पण आतली चरबी तशीच राहते आणि तीच नंतर रबरासारखी लागते, हळूहळू तापलं की चरबी वितळून बाहेर येते आणि स्किन स्वतःच्याच तुपात तळली जाते. १२ ते १५ मिनिटं हलवू नका, चिकटलेली वाटली तर ओढू नका, तयार झाली की आपोआप सुटते. उलटून दुसरी बाजू २ मिनिटं, मग पीस बाहेर.

दोन चमचे चरबी ठेवून बाकीची काढा (फेकू नका, बटाटे त्यात मस्त होतात), त्यात कांदा सोनेरी करा, लसूण, मिरी, मग स्टॉक (हाडं उकळून गाळलेलं पाणी) घालून तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्या. स्टॉक बिनमिठाचा बरा, कारण तो आटणार आहे. पीस स्किन वर करून परत ठेवा आणि रस फक्त अर्ध्या उंचीपर्यंत येऊ द्या, स्किन त्याच्या वर कोरडीच राहिली पाहिजे. चमच्याने वरून रस ओतायची सवय असेल तर इथे हात आवरा.

झाकण न लावता १९० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटं, पॅनचा दांडा ओव्हनला चालणारा आहे ना ते आधी बघून घ्या. ओव्हन नसेल तर गॅसवर बारीक आचेवर झाकण लावून शिजवा, वाफेने स्किन मऊ पडेल ती पडू दे, शेवटी पीस काढून, पुसून, कोरड्या पॅनमध्ये स्किन खाली करून ३-४ मिनिटं ठेवले की बरीचशी परत कुरकुरीत होते.

रस पातळ वाटला तर पीस बाजूला काढून मोठ्या आचेवर आटवा, लिंबू पिळा. वाढताना रस आधी ताटात, पीस त्याच्यावर. उरलंच तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह नको, ओव्हनमध्येच गरम करा, रस वेगळा.