वर्तनवाद शिकताना या चुका टाळा

पॉव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर, स्किनरचे उंदीर-कबुतरं. कोणाचा प्रयोग कोणत्या प्राण्यावर, एवढा तक्ता पाठ झाला की बी.एड.ची मुलं वर्तनवाद (दिसणाऱ्या वर्तनातल्या बदलातून शिकणं समजावणारा विचार) संपला असं समजून मुलांच्या विचारांच्या वाढीवर लिहिणाऱ्या पियाजेकडे पळतात. टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, बालमानसशास्त्राचे 30 प्रश्न असतात. तक्त्यावर त्यातला एखादा सुटेल, पण प्रसंग देऊन विचारलं की हीच मुलं अडखळतात. ‘ट्रिक’वाल्या पीडीएफमध्ये वर्ग कुठून येणार?

सगळ्यात चिवट चूक म्हणजे ऋण प्रबलनाला शिक्षा समजणं. प्रबलन धन असो की ऋण, त्यानं वर्तन वाढतं; शिक्षेनं ते कमी होतं. हवंसं काही मिळालं म्हणून वाढलं तर धन, नकोसं काही टळलं म्हणून वाढलं तर ऋण. ‘तासात गणितं नीट सोडवलीत तर गृहपाठ माफ’ म्हटल्यावर मुलं भराभर सोडवू लागली, तर ते ऋण प्रबलन.

एका सराव पाठाच्या निरीक्षणाला मी मागच्या बाकावर बसले होते. सातवीचा वर्ग, अपूर्णांक चाललेले, आणि एक मुलगा बाकावर पट्टी वाजवतोय. छात्राध्यापिकेनं त्याला बाहेर उभं केलं आणि वहीत लिहिलं, ‘ऋण प्रबलन दिले.’ तिला म्हणायचं होतं शिक्षा केली. पुढच्या तासांना फळ्यावर तारीख लिहून व्हायच्या आत पट्टी सुरू! व्हरांड्यातून मैदानावरची कबड्डी दिसत होती आणि अपूर्णांक टळत होते. म्हणजे ऋण प्रबलन खरंच झालं होतं, पण ते पट्टी वाजवण्याला. आणि तिलाही झालंच होतं: तो गेला की वर्ग शांत व्हायचा, म्हणून ती त्याला दर वेळी आधीपेक्षा लवकर बाहेर काढू लागली. हे दाखवल्यावर बाई म्हणाली, “मॅडम, पण गाइडमध्ये तसंच दिलंय.”

तेव्हापासून माझ्या वर्गात प्रबलन की शिक्षा हे नाव शेवटी लिहायचं असा नियम आहे. आधी आपण काय केलं ते, मग पुढच्या आठवड्यात ते वर्तन वाढलं की घटलं ते. हा रकाना रिकामा असेल तर मी टिपण परत करते. आणि शिक्षा म्हणजे छडी नव्हे. तिला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं बंदी आहे.

दुसरी चूक उतावळ्यांची. न विचारता ओरडून उत्तर देणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करायचं ठरवतात. प्रबलन थांबलं की वर्तन आधी उसळतं, मग विझत जातं. नेमकं उसळलं की यांचा धीर सुटतो आणि “बरं, सांग!” म्हणतात. झालं, मूल शिकलं की जास्त जोरात ओरडायचं. असं अधूनमधून मिळणारं प्रबलन तर वर्तन आणखी चिवट करतं. शेवटपर्यंत तग धरणार नसाल तर दुर्लक्षाच्या वाटेला जाऊच नका. मी स्वतः नुसतं दुर्लक्ष कधीच सुचवत नाही. त्याच मुलानं हात वर केला की त्याला लगेच बोलू द्यायचं.

थॉर्नडाइकचा ‘सरावाचा नियम’ (पुन्हापुन्हा केलं की शिकणं पक्कं होतं) सांगून दहा-दहा वेळा लिहायला लावणाऱ्यांनी एवढं वाचावं: त्यानंच डोळे बांधलेल्या माणसांना ठरावीक लांबीच्या रेघा पुन्हापुन्हा ओढायला लावल्या. बरोबर की चूक हे कळत नव्हतं, तोवर नुसत्या सरावानं काही सुधारलं नाही. आपला नियम त्यानं पुढे स्वतःच मागे घेतला. वही न तपासता दिलेला सराव म्हणजे त्या रेघाच.

किरकोळ चुका: पॉव्हलॉव्हला 1904 चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं, अभिसंधानासाठी (संकेत आणि अन्न यांची सांगड घातल्यावर नुसत्या संकेतानं कुत्र्याला लाळ सुटणं) नाही. कोहलरचा चिंपांझी सुलतान वर्तनवादात टाकू नका, तो मर्मदृष्टीचा, म्हणजे एकदम उकल सुचण्याचा. वॉटसनचा वर्तनवाद मांडणारा 1913 चा लेख आणि छोट्या अल्बर्ट या बाळाला भीती शिकवण्याचा 1920 चा प्रयोग एकच समजू नका.

राहिल्या वहीतल्या चांदण्या. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांपैकी काहींना आधीच बक्षीस कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं कमी चित्रं काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. ज्याला वाचायला मुळातच आवडतं त्याला पुस्तकामागे चांदणी कबूल करू नका. जो पुस्तकाला हातच लावत नाही, त्याला सुरुवातीला खुशाल द्या.