नौदलाच्या टेहळणी विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये गुप्तवार्तेचं काम करायचंय?

दादर-ठाण्याकडची मुलं हे विचारायला येतात तेव्हा बहुतेकांचा क्षेपणास्त्रांचा अभ्यास पक्का असतो. मी त्यांना आधी रोजचा समुद्र शिकायला सांगतो. न्हावा-शेव्याचं कंटेनर जहाज, जवाहर द्वीपाकडे निघालेला टँकर, ससून डॉकचा ट्रॉलर, यांची नेहमीची चाल अंगवळणी पडली तरच वेगळं काही डोळ्यांना खटकतं. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर मुंबईच्या जवळ आले ते 'कुबेर' या साध्या मासेमारी ट्रॉलरमधून.

सेशेल्सच्या तैनातीत हेच कामी आलं. त्या देशाचं सागरी आर्थिक क्षेत्र १३ लाख चौरस किलोमीटरहून मोठं. परदेशी वाहतुकीतल्या ३०० टनांपासून पुढच्या जहाजांना एआयएस, म्हणजे आपली ओळख आणि जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र, सक्तीचं आहे, लहान लाकडी गलबतांना नाही. त्यामुळे एआयएसचा पडदा रिकामा दिसला म्हणून समुद्र रिकामा समजायचा नाही. जहाजाचं नाव आणि झेंडा बदलतो, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात आकडी आयएमओ क्रमांक बदलत नाही. म्हणून उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये मी त्या क्रमांकाचा स्पष्ट फोटो आवर्जून मागायचो.

खरी कसोटी विमान उतरल्यावर लागते. लांबलचक उड्डाणाने सगळे दमलेले असतात, पण आपसात गप्पा होण्याआधी प्रत्येकाला वेगळं विचारायचं. वहीत दोन रकाने: दिसलं ते एकात, वाटलं ते दुसऱ्यात. पहिल्या रकान्यात 'संशयास्पद बोट' लिहायचं नाही. 'आउटबोर्ड इंजिनं दोन, शिडी एक, इंधनाची पिंपं, जाळी नाही' असं लिहायचं. मासेमारीला शिडी कशाला लागते, ही चाच्यांची तर नाही, हा प्रश्न दुसऱ्या रकान्यातला. या शिस्तीबद्दल मी हट्टी आहे, कारण त्या कागदावर विसंबून पुढे माणसं जीव धोक्यात घालतात. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेल्या 'रुएन' जहाजावरच्या १७ खलाशांची सुटका झाली, ३५ चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं. त्या कारवाईत नौदलाची पी-८आय टेहळणी विमानंही होती.

भरतीचं थोडक्यात: इंजिनीअरिंगला ६० टक्के, मग एसएसबी (अधिकारी निवडीची मुलाखत), मग केरळमधली एझिमलाची नौदल अकादमी. अर्ज 'नेव्हल एअर ऑपरेशन्स ऑफिसर' शाखेचा भरा. जुने लोक तिला ऑब्झर्व्हर म्हणतात. कुठे आहात, काय पाहिलंत, हे घरच्यांनाही सांगता येणार नाही. आईवडिलांशी त्याबद्दल अर्ज भरण्याआधीच बोलून घ्या.