कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस सुरू करताय? निदान या चुका टाळा

‘पोर्टल कुठलं घ्यावं?’ कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस सुरू करायला निघालेली कंपनी मला पहिला प्रश्न हाच विचारते. आणि पहिला प्रश्न हा असला की पुढे काय होणार ते बहुतेक वेळा आधीच सांगता येतं. सहा महिन्यांत रिकामं पोर्टल, मग ‘आपल्या लोकांना शिकायचंच नसतं’ असा निष्कर्ष, आणि मग पुन्हा नेहमीची दोन दिवसांची ट्रेनिंग.

प्रकरण मुळात साधं आहे. एकाच प्रकारचं काम करणारी माणसं आपापल्या अडचणी एकमेकांपुढे मांडतात, कुणी काय करून पाहिलं ते सांगतात, आणि त्यातून सगळेच हळूहळू तरबेज होतात. माणसं कामातून कशी शिकतात यावर संशोधन करणाऱ्या जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली या प्रकाराला नाव दिलं. प्रकार स्वतः फार जुना. वेंगर यांच्या मांडणीत त्याला तीन गोष्टी लागतात: सगळ्यांना खरोखर सतावणारा एक विषय, एकमेकांना ओळखणारी माणसं, आणि काम करण्याचा सामायिक साठा, म्हणजे युक्त्या, किस्से, नमुने, हत्यारं. पोर्टल या तिघांत कुठेही नाही.

आधी पोर्टल, मग पॉइंट्स, मग शुकशुकाट

ही माझी सर्वात नावडती चूक आहे, म्हणून जरा सविस्तर.

एका कंपनीत यंत्रदुरुस्ती करणाऱ्या टेक्निशियनसाठी असं पोर्टल थाटात सुरू झालं. माणसं वेगवेगळ्या साइटवर पांगलेली, यंत्रं मात्र तीच. कम्युनिटीला याहून चांगली जमीन शोधून सापडायची नाही. पण तिमाही संपायच्या आत वरच्यांना आकडे दाखवायचे होते. म्हणून पोस्टला दहा पॉइंट, कमेंटला दोन, लाइकला एक, आणि लीडरबोर्डवर पहिल्या येणाऱ्याला बक्षीस.

आकडे आले, भरभरून आले. पहिल्या नंबरावर जे गृहस्थ होते त्यांचा यंत्राला हात लागून बरीच वर्षं लोटली होती. रोज सकाळी इंटरनेटवरचा सुरक्षिततेवरचा एखादा लेख उचलायचा आणि चिकटवायचा. त्याखाली ‘छान माहिती’, ‘उपयुक्त’, ‘धन्यवाद सर’ अशी रांग. प्रत्येकी दोन पॉइंट.

त्याच पोर्टलवर एका जुन्या टेक्निशियनने एक खराखुरा प्रश्न टाकला होता. सर्व्हिसिंग झाल्यावर एक पंप दर वेळी तापतो, अलाइनमेंट तपासलं, बेअरिंगही बदललं, तरी तापतो. कुणाला असा अनुभव आहे का? उत्तर आलं नाही. आला तो त्याच्या मॅनेजरचा फोन: ‘आपल्या साइटची अडचण चारचौघांत कशाला मांडलीस?’ त्यानंतर त्या माणसाने पोर्टलवर एक अक्षर लिहिलं नाही.

उत्तर त्याला मिळालंच, पण दुसरीकडे. टेक्निशियन लोकांचा आपला एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. तिथे कुणीतरी विचारलं, ‘ग्रीस कोण भरतं?’ नवा पोरगा भरत होता, आणि जितकं जास्त तितकं चांगलं अशा समजुतीने ग्रीसगन दाबत राहायचा. बेअरिंगमध्ये जादा ग्रीस झालं की तेही तापतं. मॅन्युअलमध्ये प्रमाण दिलेलं असतं. पण या पंपाचं नेमकं कुठे बिनसतंय हे ओळखायला आधी असाच पंप तापलेला पाहिलेला माणूस लागतो.

म्हणजे कम्युनिटी होतीच, चालूही होती. ती ज्यांनी उभी करायची ठरवली त्यांनाच ती दिसत नव्हती. दिसली तेव्हा त्यांनी काय केलं? ग्रुपमध्ये दोन मॅनेजर घातले आणि ‘ग्रुपवरची सर्व तांत्रिक चर्चा पोर्टलवर हलवावी’ असा मेल काढला. पुढच्या आठवड्यापासून ग्रुपवर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा. दुसरा ग्रुप निघाला असणारच. मी विचारलं नाही.

झेरॉक्स कंपनीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे आणि ती मी प्रत्येक घाईच्या माणसाला ऐकवते. १९८०च्या दशकात ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ कॉपियर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनबरोबर फिरले. त्यांनी पाहिलं, की मॅन्युअल जिथे संपतं तिथून पुढचं काम ही माणसं किस्से सांगून करतात. एका बिघाडात यंत्र जो एरर दाखवत होतं तो दिशाभूल करणारा होता. टेक्निशियन आणि त्याच्या मदतीला आलेला तज्ज्ञ यंत्राशेजारी बसून बराच वेळ एकमेकांना जुन्या बिघाडांच्या गोष्टी सांगत राहिले आणि त्यातूनच खऱ्या दोषापर्यंत पोहोचले. वरून बघणाऱ्याला ती टिवल्याबावल्या वाटली असती.

पुढे १९९०च्या दशकात झेरॉक्सने याच माणसांसाठी ‘युरेका’ नावाची प्रणाली उभी केली. सुरुवात फ्रान्समध्ये झाली. टेक्निशियनने युक्ती लिहायची, अनुभवी सहकाऱ्यांनी ती तपासायची, आणि खरी ठरली की लिहिणाऱ्याच्या नावासह सगळ्यांना उपलब्ध करायची. युक्तीमागे पैसे देण्याचा विचार पुढे आला तेव्हा खुद्द टेक्निशियननीच तो नाकारला. पैसे आले की लोक चांगल्या युक्त्यांऐवजी जास्त युक्त्या लिहितील, ही त्यांची भीती. त्यांना हवं होतं ते युक्तीखाली आपलं नाव. जे या मेकॅनिक मंडळींना बसल्या जागी कळलं ते आजही पॉइंट्सची योजना आखणाऱ्यांना पटवताना माझा घसा बसतो.

मग काय करावं? मी पोर्टलचं नाव पहिले काही महिने काढूच देत नाही. आधी शोधते की माणसं आत्ता कुणाला फोन करतात. आठ-दहा जणांना विचारलं की तीच दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतात. कम्युनिटीचा गाभा तिथे असतो. त्यांना एकत्र बसवायचं, एक चालू, न सुटलेली केस मध्ये ठेवायची, आणि बाजूला व्हायचं. ‘अहो, मागच्या वेळचं ते कुठे सापडेल?’ असं लोक स्वतःहून विचारायला लागले की साठवायला जागा द्यायची. साधी शेअर केलेली फाइल बऱ्याचदा पुरते. माणसांचा आधीपासून ग्रुप असेल तर त्याला हात लावायचा नाही, आत शिरायचं नाही, आणि त्याचं ‘अधिकृत रूपांतर’ तर मुळीच करायचं नाही.

साहेब खोलीत

एका ओळीत: ज्याच्या हातात माझं अप्रेझल आहे त्याच्यासमोर मी ‘मला हे येत नाही’ असं म्हणणार नाही. एमी एडमंडसन यांनी १९९९ साली टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवर, म्हणजे चूक किंवा अज्ञान कबूल करायला भीती न वाटण्यावर, जे संशोधन मांडलं ते वाचलं नाही तरी चालेल, पण मीटिंगचं निमंत्रण पाठवताना यादी एकदा वाचा.

गप्प बसणाऱ्यांच्या मागे लागणं

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक. कम्युनिटी सुरू होऊन दोन महिने झाले की कुणीतरी यादी काढतं: इतके सभासद, त्यातले इतके ‘निष्क्रिय’. मग त्यांना आठवणीचे मेल. मग ‘प्रत्येकाने महिन्याला किमान एक योगदान’ असा फतवा. मग वर सांगितलेली ‘छान माहिती’ची रांग.

लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००६ साली ऑनलाइन गटांसाठी ढोबळ प्रमाण दिलं होतं: ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात, १ टक्का बहुतेक सगळं लिहितो. वेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली संस्थांतल्या कम्युनिटींविषयी लिहिताना गाभ्यातली माणसं १० ते १५ टक्के आणि त्याबाहेरची सक्रिय माणसं आणखी १५ ते २० टक्के धरली होती. आकडे तंतोतंत मानू नका, पण बहुसंख्य लोक काठावरच असणार हे मान्य करून टाका. काठावरचा माणूस फुकट्या नसतो. तो ऐकतोय आणि दुसऱ्या दिवशी आपल्या टेबलावर जाऊन तेच करून बघतोय. तुमच्या डॅशबोर्डवर ते दिसत नाही, इतकंच.

खरा प्रश्न वेगळा आहे: काठावरच्या माणसाला आतलं दिसतंय का? लेव्ह आणि वेंगर यांच्या मांडणीत लायबेरियातल्या वाय आणि गोला शिंप्यांचं उदाहरण आहे. तिथे शिकाऊ मुलगा कापड कापण्यापासून सुरुवात करत नाही. तो आधी बटणं लावतो, दुमडी घालतो, म्हणजे कपड्याची शेवटची कामं आधी शिकतो. मग शिवण. कात्री सगळ्यात शेवटी. क्रम उलटा वाटतो, पण बटण लावता लावता त्याच्या हातात रोज पूर्ण झालेला कपडा येतो. बाही कुठे जोडली जाते, काय कशावर बसतं, हे कात्री हातात येण्याआधी त्याच्या डोळ्यांत मुरलेलं असतं. आणि बटण चुकलं तर नुकसानही थोडं.

तिथेच दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधल्या मांस कापणाऱ्यांचं. शिकाऊ मुलांना पाकिटं गुंडाळायच्या यंत्रावर उभं केलं होतं, आणि अनुभवी माणसं कापायची ती जागा त्यांना दिसायचीच नाही. मुलं रोज कामाला यायची, गुंडाळणं शिकायची. कापणं शिकायला बघावं लागतं, आणि बघायची सोयच नव्हती.

आता आपल्या ऑफिसकडे पाहा. सीनियर लोक अडचण आली की एकमेकांना खासगी मेसेज करतात, कॉलवर पाच मिनिटांत सोडवतात आणि पुढे जातात. नव्या माणसाला सगळ्यांच्या चॅनेलवर दिसतं ते फक्त ‘इश्यू रिझॉल्व्ह्ड’. तो गुंडाळायच्या यंत्रावर आहे. त्याला इंडक्शनचे व्हिडिओ कितीही दाखवा.

माझी सवय अशी: नव्यांना बोलायला लावायचं नाही, जुन्यांना उघड्यावर बोलायला लावायचं. खासगीत आलेल्या तांत्रिक प्रश्नाला ‘हे सगळ्यांच्या चॅनेलवर विचार, तिथे उत्तर देतो’ एवढंच म्हणायचं, आणि हे आधी सर्वात अनुभवी माणसाने करायचं. नव्या माणसाला बटण लावण्यासारखं खरं पण छोटं काम द्यायचं: केस बैठकीत मांडली गेली की तिचं टिपण त्याने लिहायचं आणि मांडणाऱ्याकडून तपासून घ्यायचं. टिपणासाठी त्याला प्रश्न विचारावेच लागतात, आणि टिपणाच्या निमित्ताने विचारलेला बावळट प्रश्न कुणी बावळट मानत नाही. तरीही काही जण वर्षभर तोंड उघडणार नाहीत. नको उघडू देत.

उरलेल्या, थोडक्यात

विषय ‘इनोव्हेशन’, ‘लीडरशिप’ किंवा ‘डिजिटल’ ठेवू नका. ज्या विषयावर उद्या सकाळी कुणाला कुणाची मदत लागणार नाही तो विषय कम्युनिटीचा नाही. ‘टेस्टिंगमध्ये सुटलेले दोष’ हा विषय होऊ शकतो.

समन्वयक म्हणून एचआरमधली चांगली, उत्साही, त्या कामातलं काही न कळणारी व्यक्ती नेमू नका. त्या कामातलाच माणूस हवा, आणि त्याच्या कामाच्या वाटपात या गोष्टीसाठी वेळ लिहिलेला हवा. ‘जमेल तसं बघ’ म्हणजे नाही बघायचं.

पीपीटी बंद. ज्याच्याकडे स्लाइड तयार आहेत त्याची अडचण सुटलेली असते. तो यश सांगायला आलेला असतो.

७०:२०:१० चा तक्ता (७० टक्के शिकणं कामातून, २० टक्के इतरांकडून, १० टक्के ट्रेनिंगमधून) दाखवून ट्रेनिंगचं बजेट कापणाऱ्यांना एक विनंती. हे प्रमाण सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकी संस्थेच्या १९८०च्या दशकातल्या कामातून आलं आणि त्याचा पाया यशस्वी एक्झिक्युटिव्हनी आपण कशातून शिकलो याच्या सांगितलेल्या आठवणी हा आहे. मोजमापाने सिद्ध झालेला नियम म्हणून ते वापरू नका. एकमेकांकडून शिकण्याची सोय केली म्हणून वेल्डिंगचा कोर्स अनावश्यक होत नाही.

मोजमापाचंही सांगून टाकते, कारण ‘मग वर दाखवायचं काय?’ हे येणारच. लॉगिन आणि पोस्ट मोजू नका. मी महिन्यातून एकदा काही सभासदांना एकच प्रश्न विचारते: इथे ऐकलेलं काही कामात वापरलंत का, आणि त्याने काय झालं? उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवते. ‘जादा ग्रीसचं कळलं, पंप थंड झाला, बेअरिंग वाचलं’ असे दोन किस्से कुठल्याही आलेखापेक्षा वरच्यांना लवकर कळतात. बेअरिंगची आणि बंद पडलेल्या तासांची किंमत त्यांना माहीत असतेच, हिशेब ते स्वतः करतात. महिनाभरात एकही किस्सा मिळाला नाही तर तेही खरं सांगायचं.

शेवटची चूक म्हणजे संपलेली कम्युनिटी कॅलेंडरवर जिवंत ठेवणं. विषय संपतात, यंत्रं बदलतात, गाभ्यातली माणसं दुसरीकडे जातात. सलग दोन बैठकांना कुणी खरी अडचण घेऊन आलं नाही, तर तिसऱ्या बैठकीत सरळ विचारा: थांबवायचं का? हो म्हणाले तर टिपणं एका जागी ठेवा, ती कुणाच्या ताब्यात आहेत ते नावानिशी लिहा, आणि दर पंधरवड्याचं ते निमंत्रण कॅलेंडरमधून काढून टाका.