टाइपस्क्रिप्ट शिकणाऱ्यांसाठी: टाइपची तपासणी कुठपर्यंत पुरते

वेब प्रोग्रॅमिंगमध्ये नव्याने येणारे विद्यार्थी हमखास विचारतात, की आधी जावास्क्रिप्ट शिकावी की थेट टाइपस्क्रिप्टच हाती घ्यावी. टाइपस्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्टच, पण कुठे कोणत्या प्रकारची माहिती येणार, म्हणजे तिचा ‘टाइप’ (आकडा, मजकूर वगैरे), लिहून ठेवण्याची सोय असलेली. दोन्ही भाषांत काही वर्षे काम केल्यानंतर मला असे वाटते, की त्याआधी स्टॅटिक टायपिंगची (प्रोग्रॅम चालवण्यापूर्वीच टाइप जुळतात का हे पाहणारी) तपासणी कोणत्या क्षणी होते आणि कोणत्या क्षणानंतर तिचा काहीच उपयोग उरत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत तयार केले. या भाषेत एकाच व्हेरिएबलमध्ये आता आकडा आणि नंतर मजकूर ठेवता येतो. खरेदीच्या फॉर्ममध्ये कोणी ४९९ लिहिले, तर प्रोग्रॅमला ते आकडा म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणून मिळतात. त्यात ५० रुपये घरपोच शुल्क मिळवले, की उत्तर ५४९ न येता ४९९५० येते आणि भाषा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. बेरीज करणाऱ्या फंक्शनला फक्त आकडेच चालतील असे टाइपस्क्रिप्टमध्ये लिहून ठेवले असेल, तर ही चूक प्रोग्रॅम चालवण्यापूर्वीच एडिटरमध्ये लाल रेघेखाली दिसते.

माझी टाइपस्क्रिप्टशी ओळख, माझ्या पिढीतील अनेकांप्रमाणे, अँग्युलर या वेब फ्रेमवर्कमुळे झाली. पण तिचे मोल कळले ते एका जुन्या, अनेक हातांतून गेलेल्या प्रोजेक्टवर. तिथे एखाद्या फील्डचे नाव बदलायचे, तर ते कुठेकुठे वापरले आहे हे शोधण्यातच बराच वेळ जात असे. आम्ही एकेक फाइल टाइपस्क्रिप्टमध्ये आणली, तसतशी ही यादी कंपायलरच (टाइप तपासून कोडची जावास्क्रिप्ट बनवणारा प्रोग्रॅम) देऊ लागला. सर्वांत जास्त खऱ्या चुका सापडल्या त्या टाइपस्क्रिप्ट २.० मध्ये, म्हणजे २०१६ साली आलेल्या ‘स्ट्रिक्ट नल चेक्स’ या, मूल्य रिकामे असू शकते तिथे इशारा देणाऱ्या सेटिंगमुळे. लॉग-इन न केलेल्या व्यक्तीचे नाव वाचण्याचा प्रयत्न करणाऱ्या ओळी त्या एका सेटिंगने उजेडात आणल्या. स्वतःपुरता दोनशे ओळींचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हा फायदा जाणवणारही नाही, कारण सारा कोड त्याच्या डोक्यातच असतो. टाइप लिहिण्याचे कष्ट आज पडतात आणि त्यांचा मोबदला पुढे कधीतरी, पुष्कळदा दुसऱ्याच माणसाला मिळतो.

मोबदला किती, याचा एक अंदाज २०१७ मधील एका अभ्यासात मिळतो. त्यात सार्वजनिक जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमधील, आधीच दुरुस्त झालेल्या ४०० चुका तपासल्या, तेव्हा टाइपस्क्रिप्ट आणि फेसबुकचे फ्लो हे टाइप तपासणारे साधन या दोन्हींनी प्रत्येकी सुमारे १५ टक्के चुका पकडल्या असत्या असे आढळले. हे प्रमाण मला मुळीच कमी वाटत नाही, परंतु उरलेल्या चुकांचाही विचार करावा. एकच सवलत दोनदा वजा झाली, तर दोन्ही वेळी आकडाच वजा होतो. टाइपच्या दृष्टीने तिथे काहीही बिघडलेले नसते.

नवशिक्यांची खरी फसगत सर्व्हरकडून येणाऱ्या माहितीपाशी होते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये ही भाषा जाहीर केली, तेव्हापासून तिची रचना अशी आहे, की कंपाइल होताना टाइप पुसले जातात आणि ब्राउझरमध्ये उरते ती साधी जावास्क्रिप्ट. जेसॉन (सर्व्हर माहिती ज्या मजकुराच्या साच्यात पाठवतो तो) उलगडणारे फंक्शन ‘एनी’, म्हणजे ‘काहीही चालेल’ असा टाइप परत करते, म्हणजे कंपायलर तिथे तपासणी सोडूनच देतो. त्यापुढे आपण ‘अ‍ॅज’ लिहून त्या माहितीला एखादा टाइप चिकटवला, तर ती तपासणी नसून केवळ आपले म्हणणे असते. सर्व्हरने किंमत मजकुराच्या रूपात पाठवली, की सगळे टाइप बरोबर असूनही वरचे ४९९५० पुन्हा पडद्यावर येतात. म्हणून बाहेरून येणारी माहिती २०१८ पासून उपलब्ध असलेल्या ‘अननोन’ (तपासल्याशिवाय वापरू न देणाऱ्या) टाइपमध्ये घ्यावी आणि झॉडसारख्या लायब्ररीने प्रोग्रॅम चालू असतानाच तपासावी. जाता जाता सांगतो, यादीतील नसलेला दहावा घटक मागितला तरी तो असणारच, असे ‘स्ट्रिक्ट’ हे अनेक कडक तपासण्या एकदम चालू करणारे सेटिंगसुद्धा गृहीत धरते. त्यासाठी वेगळे सेटिंग चालू करावे लागते.

वेळेचा खर्चही आहे. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपायलर गो भाषेत नव्याने लिहीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा व्हीएस कोड या एडिटरच्या सुमारे १५ लाख ओळी तपासायला जुन्या कंपायलरला ७७.८ सेकंद आणि नव्याला ७.५ सेकंद लागतात असे सांगितले. २०२३ मध्ये टर्बो या लायब्ररीने टाइपस्क्रिप्ट सोडली. त्याच वर्षी स्वेल्ट या वेब फ्रेमवर्कच्या चमूनेही ती सोडल्याची चर्चा झाली. प्रत्यक्षात त्यांनी टाइप सोडले नव्हते, तर ते जेएसडॉक पद्धतीच्या कॉमेंटमध्ये (जावास्क्रिप्ट चालताना दुर्लक्षित राहणाऱ्या टिपांमध्ये) लिहून कंपाइल करण्याची पायरी तेवढी टाळली होती.

नवशिक्यांना हाच मधला मार्ग मी सुचवतो. आधी काही महिने निव्वळ जावास्क्रिप्ट लिहावी, कारण टाइप पुसल्यानंतर चालते ती तीच. मग फाइलच्या पहिल्या ओळीत ‘टीएस-चेक’ची (साध्या जावास्क्रिप्ट फाइलमध्येही टाइप तपासायला सांगणारी) कॉमेंट टाकून एडिटर काय म्हणतो ते पाहावे आणि नवा प्रोजेक्ट सुरू करताना ‘स्ट्रिक्ट’ पहिल्या दिवसापासून चालू ठेवावे. नव्या नोकरीत हाती आलेल्या प्रोजेक्टची टीएसकॉन्फिग ही टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगची फाइल सर्वांत आधी उघडावी. ‘स्ट्रिक्ट’ बंद असेल आणि कोडमध्ये जागोजागी ‘एनी’ दिसत असेल, तर तिथल्या टाइपवर विसंबून कोणताही बदल करू नये. आधी त्या भागाच्या चाचण्या लिहाव्यात.