मूल इथे आहे तोवरच हालचाल करा

अमेरिकेत राहताना संसारात बिनसलंय आणि जोडीदार मुलाला घेऊन भारतात निघून जाईल अशी धास्ती वाटत असेल, तर वाट बघू नका. पळवून नेलेली मुलं परत मिळवण्यासाठीच्या १९८० च्या हेग करारात अमेरिका आहे, भारत नाही. मूल जर्मनीला नेलं तर करारानुसार दाद मागता येते. पुण्याला नेलं तर ती वाटच बंद.

अमेरिकेतून बाहेर पडताना इमिग्रेशनची खिडकी नसते. एकटी आई किंवा एकटा बाप मुलाला घेऊन निघाला, तर दुसऱ्याचं संमतीपत्र मागतीलच असं नाही. म्हणून आधी फॅमिली कोर्टातून आदेश घ्या: मुलाला देशाबाहेर नेऊ नये, पासपोर्ट जमा करावेत. भाषा मोघम नको. असा आदेश असला की सीमा सुरक्षा खात्याला प्रवास रोखण्याची विनंती करता येते. परराष्ट्र खात्याच्या पासपोर्ट अलर्ट योजनेतही मुलाचं नाव घाला. त्याच्या नावाने नवा अमेरिकन पासपोर्ट मागितला गेला तर तुम्हाला कळवतात. आधीच काढलेला पासपोर्ट मात्र त्याने अडत नाही, ओसीआयही (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात येण्याजाण्यासाठी मिळणारं कार्ड) नाही. त्यासाठी भारतीय वाणिज्य दूतावासाला आदेशाची प्रत जोडून वेगळं पत्र द्या.

मूल गेलंच असेल, तर इथल्या कोर्टात आणि तिकडच्या उच्च न्यायालयात (हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा असं सांगणारा अर्ज) एकदमच जा. नित्या आनंद राघवन खटल्यात २०१७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं. परदेशी कोर्टाचा आदेश ही विचारात घ्यायची फक्त एक बाब. त्यामुळे मूल इथेच वाढत होतं हे दाखवणारे कागद लागतात: शाळेची प्रगतिपत्रकं, लसीकरणाच्या नोंदी, शिक्षकांची पत्रं. मूल तिकडच्या शाळेत रुळलं की परत आणणं फार अवघड होतं. "दिवाळीपर्यंत थांब, मी समजावतो" म्हणणारे मामा-काका मनाने चांगलेच असतात, पण त्यांच्या शब्दावर अर्ज लांबवू नका.

याच्या उलटही घडतं. सुट्टीला म्हणून बायकोला भारतात नेतात, तिचा पासपोर्ट काढून घेतात आणि नवरा मुलांना घेऊन परत येतो. एच-४ वर (अमेरिकेत नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) असलेल्या बाईचा व्हिसाही नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेला. तेव्हा पासपोर्ट, व्हिसा, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती फक्त तुम्हालाच पासवर्ड माहीत असलेल्या ईमेलवर ठेवा.

मारहाणीला कंटाळून तुम्हीच मुलाला घेऊन निघायच्या विचारात असाल, तर आधी वकिलाला भेटा आणि संरक्षण आदेश मागा. १९९३ च्या फेडरल कायद्याखाली मूल देशाबाहेर नेणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. छळापासून पळ काढला हा बचाव त्याच कायद्यात आहे, पण तो कोर्टात सिद्ध करावा लागतो. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांच्या पाठीशी उभी आहे. तिथे निःसंकोच बोला.